मानमोडी, कोविड आणि आजारी यकृत

जालना शहरात मस्तगड नावाचा भाग आहे. आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली येथे किल्ला बांधला. चौकोनी तट आणि कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज अशी त्याची रचना. तोफांचे दिवस सरल्यावर या किल्ल्याला वेगळे काम मिळाले आणि नगरपालिकेचे कार्यालय तेथे आले. पाणी, दिवाबत्ती, रस्ते ही नगरपालिकेची कामे आपल्याला रोज दिसतात. तिच्या आणखी एका कामाची आठवण मात्र घरात बाळ जन्मले किंवा कोणी गेले तरच होते. ते काम म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. कोण गेले, केव्हा गेले आणि कशाने गेले, हे तीन साधे प्रश्न. त्यांपैकी तिसऱ्याचे उत्तर सर्वांत अवघड असते आणि तेच कित्येकदा घाईत लिहिले जाते.

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. एखाद्या माणसाचे यकृत आधीच आजारी आहे, त्याला सर्दी-तापाच्या साथीने गाठले आणि तो दगावला. तो कशाने गेला, यकृताने की साथीने? शंभर वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर हळूहळू कसे मिळत गेले आणि त्याचा आपल्या घराशी, शाळेशी काय संबंध, हे आपण पाहू.

‘ताप’ या एका शब्दाखाली

१९१८ साली जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून धावू लागला होता. कापूस, धान्य आणि प्रवासी त्याने वाहिले. देशभर या लोहमार्गांनीच इन्फ्लुएंझाचा विषाणूही वाहून नेला. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी या आजाराला ‘मानमोडी’ म्हटले.

मुंबईत ही साथ १९१८ च्या जूनमध्ये दिसली. पहिले महायुद्ध चालू होते आणि सैनिकांची जहाजे बंदरात येत-जात होती. १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांपैकी एक गोदीवर पहारा करणारा, तापाने आजारी होऊन पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर साथ शहरभर पसरली. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर निघाली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि माणसे अर्धपोटी होती. हिंदुस्थानात या साथीने किती बळी घेतले याचे अंदाज सुमारे १.४ कोटी ते १.८ कोटी असे आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

मुंबईच्या नोंदींतली एक गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियन लोकांत ८.३ आणि पारशी समाजात ९ होते. ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातींतल्या हिंदूंमध्ये ते ६१.६ होते. विषाणू एकच, शहर एकच आणि महिनेही तेच, तरी फरक सात पटींहून अधिक! दाटीवाटीच्या चाळी, अपुरे अन्न आणि शुश्रूषेचा अभाव यांनी तो फरक घडवला. साथीच्या आजारात किती नुकसान होईल हे जंतूच्या अंगच्या जोरावर ठरते, तसेच ते ज्या शरीरात आणि ज्या घरात शिरतो त्यावरही ठरते. आपल्या विषयाचे हे पहिले सूत्र.

आता मृत्यूच्या नोंदींकडे वळू. त्या काळी खेड्यापाड्यांतला मृत्यू पोलीस पाटील किंवा चौकीदार कळवत असे. त्याला ठाऊक असलेली कारणे मोजकी होती: पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि ‘ताप’. मानमोडीचे लक्षावधी बळी ‘ताप’ या एका शब्दाखाली जमा झाले. त्यांतल्या किती जणांना आधीपासून हृदयविकार, क्षय किंवा यकृताचा आजार होता हे त्या शब्दातून कळण्याची सोय नव्हती. डॉक्टरांची स्थितीही फार वेगळी नव्हती. इन्फ्लुएंझा हा रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेल्या जिवाणूमुळे होतो, असा तेव्हा समज होता. हा आजार विषाणूचा आहे हे सिद्ध व्हायला १९३३ साल उजाडले. त्या वर्षी लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याला माणसाच्या घशातील गाळलेल्या द्रवाने आजारी पाडून तो विषाणू वेगळा केला.

यकृताची तपासणीही तेव्हा बाल्यावस्थेत होती. डोळे पिवळे झाले तर कावीळ, पोट पाण्याने फुगले तर जलोदर, एवढेच वैद्याला दिसे. रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे मापन व्हॅन डेन बर्ग यांनी १९१६ च्या सुमारास सुरू केले होते, पण ते सर्वत्र पोहोचायला पुष्कळ वर्षे गेली. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली विकरे रक्तात उतरतात. ती मोजण्याची पद्धत १९५५ साली आली. म्हणजे मानमोडीच्या वेळी आजारी यकृताची हाक ऐकण्याचे साधनच जवळ नव्हते.

छातीच्या पुस्तकातली तळटीप

फुप्फुस आणि यकृत यांची गाठ वैद्यकाच्या इतिहासात मात्र आधीच पडली होती, आणि तीही मोठ्या गमतीशीर रीतीने. पॅरिसचे डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. १८१९ साली त्यांनी छातीच्या आजारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या आवरणाच्या विकाराने दगावलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन त्यात दिले आहे. त्या रुग्णाचे यकृत आक्रसलेले, खडबडीत आणि पिवळट-तपकिरी दाण्यांनी भरलेले होते. एका तळटिपेत लेनेक यांनी या स्थितीला नाव दिले ‘सिरोसिस’. पिवळसर-तांबूस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले होते.

दोनशे वर्षे झाली, नाव तेच राहिले. छातीच्या आजाराने गेलेल्या माणसाचे यकृत आजारी निघावे, हा योगायोग असू शकतो. पण असे योगायोग वारंवार दिसू लागले तर त्यांच्यामागचे कारण शोधावेच लागते.

काळजाचे काम

मराठीत ‘काळीज’ म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. खरे तर मटणाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात ते यकृत, आणि काळीज या शब्दाचा मूळ अर्थही तोच. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळपास एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जाते. या रक्ताचा तीन चतुर्थांश भाग आतड्याकडून प्रतिहारी शिरेतून येतो. त्यात अन्नरस असतो, तसेच आतड्यातून निसटलेले जिवाणू आणि त्यांची विषेही असतात.

हे पाहुणे पुढे हृदयाकडे जाऊ नयेत म्हणून यकृतातील केशवाहिन्यांच्या भिंतींवर भक्षक पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. शरीरात एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या भक्षक पेशींपैकी बहुसंख्य पेशी यकृतातच आहेत. शिवाय जंतूंना घेरणारी पूरक प्रथिने, रक्त गोठवणारे घटक आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन, हे सारे यकृत तयार करते. पाठ्यपुस्तकात यकृताचा धडा पचनसंस्थेत येतो आणि तेथेच संपतो. ते संरक्षणाचेही इंद्रिय आहे, ही गोष्ट आमच्या मते त्या धड्यात जोडायला हवी.

सिरोसिसमध्ये यकृताच्या मऊ ऊतींच्या जागी चिवट तंतूंचे जाळे तयार होते. कारणे अनेक: दारू, ‘ब’ आणि ‘क’ काविळीचे विषाणू, तसेच लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर येणारी यकृतातील चरबी. रक्ताची वाट अडली की प्रतिहारी शिरेत दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने, पहारेकऱ्यांना चुकवून निघून जाते. प्रथिनांची निर्मिती घटते. पांढऱ्या पेशी एकीकडे सतत चिडलेल्या राहतात, तर खरा शत्रू आला की थकलेल्या निघतात. पोटात पाणी साठले की ते श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसाला फुगायला जागा कमी पडते. काही रुग्णांत फुप्फुसातल्या केशवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. असा माणूस वरवर ठीक दिसतो, कामावर जातो, वर्गात शिकवतो. त्याची शिल्लक मात्र संपत आलेली असते.

पुण्यातील दोन धागे

यकृताचे विषाणू आणि श्वासाचे विषाणू हे दोन्ही धागे महाराष्ट्रात एका संस्थेत एकत्र आले. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर झाले.

पहिला धागा काविळीचा. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचे पाणी जेथून उचलले जाई तेथे सांडपाणी मिसळले होते. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही नेहमीची ‘अ’ कावीळ असणार असे सर्वांनी गृहीत धरले. त्या साथीतील रक्तद्रवाचे नमुने जपून ठेवलेले होते. १९८० साली पुण्याच्या संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद आणि खोर्शेद पावरी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर ते तपासले. तो आजार ‘अ’ नव्हता आणि ‘ब’ही नव्हता. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून पसरलेल्या काविळीचा पुण्याच्या संस्थेने अभ्यास केला. या गूढ विषाणूला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या फेकून दिल्या असत्या तर हे कळायला आणखी उशीर झाला असता, हे ध्यानात घ्यावे. चांगली नोंद म्हणजे कागदावरची शाईच असते असे नाही.

‘ई’ विषाणूनेही आपले पहिले सूत्र पुन्हा दाखवले. निरोगी तरुणाला तो काही आठवडे पिवळे करून सोडून देतो. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो प्राणघातक ठरू शकतो. आणि ज्याला आधीच सिरोसिस आहे त्याचे यकृत तो काही दिवसांत पार निकामी करू शकतो.

दुसरा धागा इन्फ्लुएंझाचा. २००९ साली एच१एन१ हा नवा विषाणू जगभर पसरला. ‘स्वाइन फ्लू’ हे नाव घरोघरी पोहोचले. देशातला या आजाराचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि मुखपट्ट्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. धोका कोणाला जास्त, याची यादी त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून येई. गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण, मधुमेही यांच्याबरोबर जुन्या यकृतविकाराचे रुग्ण त्या यादीत होते. पण ते यादीच्या शेवटी असत आणि वाचकाची नजर तेथपर्यंत क्वचितच जाई.

विषाणू श्वासात, इजा यकृतात

येथे विद्यार्थी हमखास विचारतील असा प्रश्न येतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसांत वाढतो. मग तो यकृताला त्रास कसा देतो?

या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर २००६ साली प्रसिद्ध झाले. इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांच्या यकृतात विषाणू सापडत नव्हता, तरी यकृताच्या पेशी मरत होत्या. फुप्फुसात विषाणूशी लढण्यासाठी तयार झालेल्या ‘टी’ पेशी रक्तातून फिरत यकृतात येऊन थबकत होत्या आणि तेथे कुप्फर पेशींच्या संगतीने जळजळ निर्माण करत होत्या. उंदरातील कुप्फर पेशी काढून टाकल्या की ही इजा होत नसे. इन्फ्लुएंझाची मुद्दाम लागण करून घेतलेल्या स्वयंसेवकांतही यकृताची विकरे किंचित वाढलेली आढळली. लढाई एका गावात, आणि परतणाऱ्या फौजेने नासधूस केली दुसऱ्याच गावात, असा हा प्रकार.

धडधाकट माणसाला ही इजा जाणवतही नाही. यकृताची भरून येण्याची ताकद मोठी असते. सिरोसिसच्या रुग्णाकडे ती ताकद उरलेली नसते. त्यात ताप, कमी पडणारा प्राणवायू, उलट्यांमुळे आटलेले पाणी आणि मागून येणारा जिवाणूंचा न्यूमोनिया यांची भर पडते. मग पोटात पाणी वाढते, कावीळ दिसते, अमोनियासारखी द्रव्ये रक्तात साठून रुग्ण गुंगीत जातो. २००० साली कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी नेमके असेच रुग्ण वर्णन केले: मुरलेला यकृतविकार, त्यावर ‘ए’ प्रकारचा इन्फ्लुएंझा आणि त्यानंतर यकृताने टाकलेली मान.

कोविडने दिलेले आकडे

रुग्ण मोजके असले की शंका राहते. मोठी संख्या हवी होती. ती दुर्दैवाने २०२० साली मिळाली. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण आढळले, आणि पुढे जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच महिन्यात जगातील यकृततज्ज्ञांनी दोन नोंदवह्या उघडल्या. आपल्याकडे यकृतविकाराच्या रुग्णाला कोविड झाला तर त्याची माहिती डॉक्टरांनी ठरावीक नमुन्यात त्यांत भरायची. जुलैपर्यंत २९ देशांतून ७४५ रुग्णांच्या नोंदी आल्या. त्यांपैकी ३८६ जणांना सिरोसिस होता, ३५९ जणांना यकृतविकार होता पण सिरोसिस नव्हता.

निकाल समजण्यासाठी एक मोजपट्टी माहीत हवी. चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ मध्ये सुचवलेली आणि पग यांनी १९७३ मध्ये सुधारलेली ही पट्टी फार सोपी आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि गुंगी या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा ६ आली तर ‘अ’ वर्ग, ७ ते ९ आली तर ‘ब’ आणि १० ते १५ आली तर ‘क’. गुण जास्त तितकी यकृताची दशा वाईट. परीक्षेतल्या गुणांच्या अगदी उलट!

नोंदवहीतील मृत्यूंचे प्रमाण असे निघाले: सिरोसिस नसलेल्यांत ८ टक्के, ‘अ’ वर्गात १९ टक्के, ‘ब’ वर्गात ३५ टक्के आणि ‘क’ वर्गात ५१ टक्के. एकेक पायरी चढावी तसा धोका चढत गेला.

हे आकडे वर्गात वापरताना एक सावधगिरी शिकवण्यासारखी आहे. ‘क’ वर्गातल्या कोणालाही कोविड झाला तर तो मरण्याची शक्यता निम्मी, असा याचा अर्थ होत नाही. डॉक्टरांनी कळवलेले रुग्ण बहुतांशी रुग्णालयात आलेले होते. घरीच बरे झालेल्यांचा भागाकाराच्या छेदात समावेश नाही. छेद लहान झाला की टक्केवारी फुगते. मात्र चारही गट एकाच पद्धतीने जमवलेले असल्यामुळे त्यांच्यातला चढता क्रम अधिक भरवशाचा. एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातल्या तुलनेवर विश्वास ठेवावा, हे विज्ञानातले मोठे शहाणपण आहे.

त्या नोंदवहीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. सिरोसिसच्या ज्या रुग्णांचा मृत्यू झाला त्यांच्यातले ७१ टक्के मृत्यू श्वसन बंद पडून झाले होते, आणि यकृतामुळे झालेले मृत्यू १९ टक्के होते. म्हणजे यकृताच्या रुग्णाला मारत होते ते फुप्फुस. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची. सिरोसिसच्या ४६ टक्के रुग्णांचे यकृत कोविडमध्ये एकाएकी ढासळले, आणि अशा ढासळलेल्यांपैकी २१ टक्के जणांना खोकला, धाप असे श्वासाचे कोणतेच लक्षण नव्हते. साथ चालू असताना यकृताचा रुग्ण अचानक गुंगला किंवा त्याचे पोट फुगले, तर सर्दी-खोकला नसला तरी विषाणूची तपासणी करायला हवी, हा त्याचा अर्थ.

काढ्याची गोष्ट

साथीत माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. २०२० मध्ये घरोघरी काढे उकळू लागले. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून अनेकांनी गुळवेल रोज घेतली. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे सहा रुग्ण आढळले, की ज्यांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा दाह झाला होता. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या विकाराशी हा दाह मिळताजुळता होता. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेले नाही असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हरकत शास्त्रीय होती आणि तिचे उत्तरही अधिक पुराव्यानेच द्यायला हवे होते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही हाच नमुना दिसला, आणि आधीपासून जुना यकृतविकार असलेल्यांची अवस्था अधिक वाईट झाली.

काढा घेणाऱ्या लाखो लोकांत असा त्रास झालेले थोडेच. पण त्या थोड्यांत आपण आहोत की नाही हे आधी कळत नाही, कारण यकृताचा आजार वर्षानुवर्षे मुका राहतो. ‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार?’ या प्रश्नाला यकृत उत्तर देते. शरीरात येणारी पुष्कळशी द्रव्ये, मग ती कारखान्यातली असोत वा परसातली, त्याच्याकडूनच हाताळली जातात. तापाच्या गोळ्यांचेही तसेच. सिरोसिसच्या रुग्णाने आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात आणि पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या कमी मात्रेतच घ्यावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याखाली डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे जे प्रमाणपत्र देतात त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मृत्यूकडे नेणारी साखळी लिहायची. सर्वांत वर शेवटची घटना, तिच्याखाली तिचे कारण आणि त्याखाली त्या कारणाचे कारण. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पन्नाशीतल्या एका गृहस्थाला सिरोसिस आहे. हिवाळ्यात घरात सर्वांना फ्लू झाला, त्यालाही झाला. घरचे बरे झाले, त्याला न्यूमोनिया झाला, गुंगी आली आणि तो गेला. प्रमाणपत्रावर ‘यकृत निकामी’ एवढेच लिहिले तर ते खोटे नाही, पण साखळीची एकच कडी आहे. पूर्ण साखळी अशी: यकृत निकामी, त्याला कारण न्यूमोनिया, त्याला कारण इन्फ्लुएंझा, आणि दुसऱ्या भागात सिरोसिस. पहिल्या नोंदीतून समाज शिकतो की यकृताचे रुग्ण यकृताने मरतात, त्याला इलाज नाही. दुसऱ्या नोंदीतून शिकतो की हा मृत्यू कदाचित टाळता आला असता. १९१८ च्या ‘ताप’ या शब्दाने जे झाकले गेले ते आजही एका अपुऱ्या ओळीने झाकले जाऊ शकते. म्हणूनच २०२० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने डॉक्टरांना सांगितले होते की कोविडच्या मृत्यूत आधीचे आजार दुसऱ्या भागात लिहा, त्यांना मूळ कारण म्हणू नका.

टाळता कसा आला असता? इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी अशी शिफारस जुन्या यकृतविकाराच्या रुग्णांसाठी केली जाते, न्यूमोकोकस या जिवाणूची लसही. सिरोसिसमध्ये लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे काहीशी कमी पडतात हे खरे. पण अर्धी छत्री मोठ्या पावसात अजिबात छत्री नसण्यापेक्षा बरी. अमेरिकेतील माजी सैनिकांपैकी सिरोसिस असलेल्यांच्या अभ्यासात कोविड लसीच्या एका मात्रेनंतर, चार आठवडे उलटल्यावर, लागण सुमारे ६५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. यकृत आजारी आहे म्हणून लस नको, असा समज अनेक घरांत आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

आणि मुळात यकृत आजारी पडूच नये यासाठी ‘ब’ काविळीची लस आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती देशात बनवून स्वस्त केली. २०११ पर्यंत ती देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली. आज शाळेत असलेल्या बहुतेक मुलांना ती मिळालेली असेल. त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना मात्र ती बहुधा मिळालेली नाही.

वर्गात करण्यासारखे

नववी-दहावीच्या मुलांना चार गटांचे वरचे आकडे देऊन स्तंभालेख काढायला सांगा. मग विचारा, घरीच बरे झालेले रुग्ण मोजले असते तर स्तंभांची उंची कशी बदलली असती? क्रम बदलला असता का? मुंबईचे १९१८ चे दर हजारी आकडे शेजारी मांडा. एकीकडे आजारी यकृत आणि दुसरीकडे अर्धपोटी घर. दोन्ही आलेख एकच गोष्ट सांगतात का, यावर चर्चा होऊ द्या. वरच्या काल्पनिक गृहस्थाची साखळी न सांगता मुलांकडूनच लिहून घ्या. कोणत्याही मुलाला स्वतःच्या घरातल्या मृत्यूविषयी विचारू नये, एवढे पथ्य पाळावे.

शेवटी त्यांना नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद कशी होते ते पाहायला न्या. तिथला लिपिक दिवसभरात जे लिहितो त्यातूनच पुढच्या साथीत कोणाला आधी जपायचे हे ठरणार आहे, हे मुलांनी त्याच्या टेबलाशी उभे राहून ऐकलेले बरे.